मागे राहिलेले दाणे कुणाचे?

गेल्या हंगामात, मका काढणीच्या दिवसांत, आमच्या धर्मग्रामातला एक तरुण रविवारच्या मिस्सानंतर माझ्याजवळ आला आणि मोबाईलवर काहीतरी दाखवू लागला. मळणीयंत्रांची दुरुस्ती हा त्याचा व्यवसाय, त्यामुळे जुने लोखंड दिसले की त्याचे डोळे चमकतात. अमेरिकेतले कुठलेसे शेत होते. पुढे जुना ट्रॅक्टर आणि त्याच्यामागे बैलगाडीसारखे ओढले जाणारे एक लांबट, रंग उडालेले यंत्र. ट्रॅक्टरच्या दांड्यावर ते फिरत होते. समोरून मक्याची ताटे आत जात होती, टाकीत पिवळे दाणे पडत होते आणि मागून पाचोळा उडत होता. "काका, असलं मशीन आता बघायला मिळत नाही. आता सगळी स्वतःच्या इंजिनावर चालणारी आली. हे मागून ओढायचं. पण बघा, अजून कसं चालतंय."

मी पाहत होतो. थोड्या वेळाने चालकाने ट्रॅक्टर थांबवला, खाली उतरला, यंत्राच्या मागे गेला आणि गुडघे टेकून जमिनीवर बसला. दोन्ही हातांनी पाचोळा बाजूला सारून मातीत काहीतरी शोधू लागला.

"हा काय शोधतोय?" तरुणाने विचारले.

तो दाणे मोजत होता. मक्याच्या शेतकऱ्यांचा हा जुना ठोकताळा आहे. यंत्र पुढे गेल्यावर मागच्या जमिनीत एका चौरस फुटात सरासरी दोन दाणे सापडले, तर एकरी एक बुशेल मका वाया गेला असे समजायचे. एक बुशेल मका म्हणजे सुमारे पंचवीस किलो. दाणे जास्त सापडले तर यंत्राचा वेग कमी करायचा, चाळणी नीट बसवायची, पंख्याचा वारा जुळवायचा आणि पुन्हा उतरून मोजायचे. जुन्या यंत्रांत हे फार करावे लागे. चांगला चालक तोच, ज्याच्या मागे कमीत कमी दाणे राहतात.

त्या माणसाला तसे गुडघ्यांवर बसलेले पाहून मला माझी आजी आठवली. ती अगदी अशीच बसायची. भुईमुगाचे रान काढून झाले की मालकाची गाडी शेंगा भरून निघून जायची आणि मग बांधावर थांबलेल्या बायका-पोरे रानात शिरायची. खुरप्याने माती उकरून राहिलेल्या शेंगा वेचायच्या. गव्हाच्या रानात गळालेल्या ओंब्या, तुरीच्या रानात सांडलेल्या शेंगा. याला आपल्याकडे सरवा म्हणतात. आजच्या मुलांना हा शब्द कदाचित फक्त पवित्र शास्त्रात, रूथच्या गोष्टीतच भेटत असेल. आमच्या घरी तो चुलीवर शिजत असे. दिवसभराच्या सरव्यातून ओटीभर शेंगा मिळाल्या तर आजी खुश असायची.

बसायची पद्धत एकच, नजर एकच, आणि मातीतले दाणेही तेच. फरक एवढाच, की तो माणूस आपले किती गेले ते मोजत होता आणि आजी आपल्याला किती मिळाले ते. मग ते दाणे खरोखर कुणाचे? तो तरुण केव्हाच विसरला असेल, पण माझ्या मनातून हा प्रश्न गेला नाही.

या यंत्रांच्या इतिहासात एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. कापणी आणि मळणी एकाच वेळी करणारे यंत्र अमेरिकेत १८३६ सालीच नोंदले गेले होते. ते घोड्यांनी ओढायचे अवाढव्य धूड होते. पुढे ट्रॅक्टर आले आणि यंत्रे लहान झाली. १९३५ साली अॅलिस-चामर्स कंपनीने ट्रॅक्टरमागे ओढायचे 'ऑल-क्रॉप' नावाचे यंत्र बाजारात आणले. त्याच्या कापणीची रुंदी फक्त पाच फूट होती, म्हणजे ते लहान शेतकऱ्यालाही परवडावे असे होते. मक्याची मात्र पूर्वी कणसेच तोडून साठवत. उभ्या ताटावरचे कणीस आत घेऊन तिथेच दाणे काढणारी जोडणी १९५० नंतरच्या दशकात रूढ झाली. पण मी सांगणार होतो ती गोष्ट याच्या आधीची, १९२३ सालची. कॅन्सस प्रांतातल्या बाल्डविन नावाच्या भावांनी एक कापणी-मळणी यंत्र तयार केले आणि त्याला नाव दिले 'ग्लीनर'. ग्लीनर म्हणजे सरवा वेचणारा. हे नाव त्यांना एका चित्रावरून सुचले. झाँ-फ्रान्स्वा मिले या फ्रेंच चित्रकाराने १८५७ साली काढलेले ते चित्र आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. त्यात पुढे तीन गरीब बायका वाकून कापलेल्या शेतातल्या ओंब्या वेचत आहेत आणि दूर मागे मालकाच्या गंजी रचल्या जात आहेत. घोड्यावर बसलेला एक मुकादमही तिथे दिसतो.

आता पहा. यंत्र असे, की त्याने मागे काहीच ठेवू नये. आणि नाव तिचे, जी मागे राहिलेल्यावर जगते. त्या भावांच्या मनात वाईट काही नसणार. ती बाई जशी दाणा दाणा वेचते तसे आमचे यंत्रही एकही दाणा सोडत नाही, एवढेच त्यांना म्हणायचे असेल. पण तसे झाले तर ती बाई त्या शेतात उद्या कशासाठी येईल, हे त्यांना सुचले नसावे. आपल्यालाही ते सहसा सुचत नाही.

पवित्र शास्त्रात या प्रश्नावर स्पष्ट नियमच आहे. लेवीयच्या एकोणिसाव्या आणि तेविसाव्या अध्यायांत शेतमालकाला सांगितले आहे, की पीक काढताना शेताचे कोपरे पुरते कापायचे नाहीत आणि सरवा गोळा करायचा नाही. तो गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्यायचा. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात आणखी एक पाऊल पुढे आहे. शेतात एखादी पेंढी विसरली तर ती आणायला परत जायचे नाही. ती परक्याची, पोरक्याची, विधवेची. कारणही दिले आहे. तुम्ही स्वतः मिसर देशात गुलाम होता हे विसरू नका. कोपरा किती मोठा ठेवायचा यावर पुढे यहुदी शास्त्रीपंडितांनी बराच खल केला. मिश्ना या ग्रंथात 'पेआ' म्हणजे 'कोपरा' या नावाचे एक प्रकरणच आहे. त्यांनी कमीत कमी माप ठरवले ते साठाव्या भागाचे.

हिशेब करून पाहा. एकरी पंचवीस क्विंटल मका निघाला तर त्याचा साठावा भाग चाळीस किलोच्या वर जातो. आणि त्या चालकाचे चौरस फुटातले दोन दाणे म्हणजे पंचवीस किलो. यंत्रवाल्याच्या वहीत जो तोटा म्हणून लिहिला जातो, तो या नियमाच्या हिशेबाने पुरता हिस्सासुद्धा नाही.

पण मला या नियमातली एक गोष्ट आकड्यांपेक्षा महत्त्वाची वाटते. त्यात 'द्या' असे म्हटलेले नाही, 'राहू द्या' असे म्हटले आहे. या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि ते आपल्याकडच्या लोकांना समजावून सांगायला नको.

त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' हे पुस्तक लिहिले. खळ्यावर रास झाली की तिच्यातून कोणकोणत्या बलुतेदाराला काय द्यायचे ते त्यात सापडते. वरवर पाहता ही वाटणीच होती. पण हिस्सा घ्यायला यायचे कसे? पदर किंवा घोंगडी पसरून, खळ्याच्या बाहेर उभे राहून, मालकाचा हात वर होईपर्यंत वाट पाहून. मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली महार वतनाविरुद्ध विधेयक मांडले ते उगीच नव्हे. त्या मूठभर धान्याच्या बदल्यात माणूस रात्रंदिवस बांधला जात होता. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, पण खळे इथेही तसेच होते. आपल्यापैकी पुष्कळांच्या घराण्यांचा इतिहास त्या खळ्याच्या कडेलाच उभा आहे. म्हणून "जुन्या काळी सगळ्यांना वाटा मिळायचा" असे कुणी उसासा टाकून म्हणाले, की मला ते पूर्ण पटत नाही. वाटा मिळायचा हे खरे. पण आधी मान वाकवावी लागायची.

आजी खळ्यावर जायला नाखूश असायची. सरव्याला मात्र ती आनंदाने जायची. लहानपणी मला हे कोडे वाटे, कारण खळ्यावर सुपाने मिळायचे आणि सरव्यात ओटीने. आता कळते. सरव्यात तिला कुणापुढे हात पसरावा लागत नसे. माती होती, खुरपे होते आणि तिचे कष्ट होते. संध्याकाळी ओटीत पडलेले तिने मिळवलेले असायचे. रूथही नेमकी तशीच आहे. ती दिवसभर स्वतः वेचते, स्वतः झोडते, आणि तिच्या पदरी एक एफा जव पडतात, आजच्या मापाने वीस-बावीस लिटर. बवाज गड्यांना हळूच सांगतो, की पेंढ्यांतल्या काही काड्या तिच्यासाठी मुद्दाम गळू द्या आणि तिला टोकू नका. मला त्यातली ही दुसरी सूचना अधिक मोठी वाटते.

हा हक्क आहे की दया, यावर इंग्लंडात चक्क खटला झाला. सफोक परगण्यातल्या मेरी हॉटन नावाच्या बाईने सरवा वेचला म्हणून जमीनमालक कोर्टात गेला. १७८८ साली न्यायाधीशांनी बहुमताने निर्णय दिला, की सरवा वेचण्याचा असा कोणताही हक्क कायद्यात नाही. मोशेच्या नियमाचा दाखला दिला गेला होता, पण तो त्या देशाचा कायदा नाही असे ठरले. तेव्हा यंत्रे आलेली नव्हती. म्हणजे सरवा यंत्राने संपवला असे म्हणणे खरे नाही. आधी माणसाने ठरवले, की जमिनीवर पडलेलाही शेवटचा दाणा माझाच. यंत्र त्याच्यामागून आले.

इथे कुणी म्हणेल, आणि म्हणायलाच हवे, की हे सगळे बवाजाला शोभते. आमच्याकडे कुठे बवाज? धारूर, वडवणी, पाटोद्याकडच्या डोंगरपट्ट्यात दोन एकर माळरान असलेल्याने कोपरा सोडायचा? पाऊस गेला की पेरणीचा खर्चही निघत नाही. सोयाबीन काढायला हार्वेस्टर लावले तर एकरावर भाडे, आणि नाही लावले तर मजूर मिळत नाहीत. त्याने चौरस फुटातले दाणे मोजले तर त्याला लोभी कोण म्हणेल? मी तरी म्हणणार नाही. बीडच्या शेतकऱ्याची अडचण मी जवळून पाहिली आहे. रब्बी ज्वारीला तो अजूनही हार्वेस्टर लावत नाही, हाताने उपटून काढतो, कारण यंत्रात कडब्याचा चुरा होतो आणि कडबा गेला तर जनावर जाते. अशा माणसाला हिस्सा सोडण्याचा उपदेश करायला तोंड लागते.

पण याच माणसाकडे दसरा-दिवाळीनंतर पाहा. घराला कुलूप आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता झाले आहेत. मुकादमाकडून उचल घेतली आहे आणि पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कुठल्यातरी साखर कारखान्याच्या परिसरात त्यांची कोपी पडली आहे. जो घरी दोन एकरांचा मालक, तो तिथे परक्या शेतातला परका. बवाज आणि रूथ आपल्या जिल्ह्यात एकाच घरात राहतात, नव्हे, एकाच माणसात राहतात. त्यामुळे हा नियम कुणासाठी आहे हा प्रश्न इथे फार सोपा राहत नाही.

आणि उसाच्या फडातही सरवा आहे. त्याला आपण वाढे म्हणतो. ऊस तोडला की शेंड्याचा हिरवा भाग कारखान्याला नको असतो. तो मालक तोडणाऱ्याकडे राहू देतो. गाडीवाला तो बैलांना घालतो आणि उरलेल्याच्या पेंढ्या बांधून बाई रस्त्याच्या कडेला विकायला बसते. ज्यांच्या घरातले कुणी तोडीला गेले आहे त्यांना माहीत आहे, की मजुरी उचलीतून वळती होते. हंगाम संपेपर्यंत तिचा हिशेब मुकादमाच्या वहीत असतो. वाढ्याचे पैसे मात्र रोख, संध्याकाळी, बाईच्या हातात. मीठ-मिरची, लेकराचे औषध, बाजार त्यातच. मालकाने ते मेहेरबानी म्हणून दिलेले नसते आणि मुकादमाच्या वहीत ते जात नाही. लेवीयमधला कोपरा मला आज कुठे सापडत असेल तर तो या पेंढीत.

आता ऊस तोडणी यंत्र आले आहे. त्याची किंमत कोटीच्या घरात. २०२३ साली शासनाने त्यासाठी किमतीच्या चाळीस टक्के, जास्तीत जास्त पस्तीस लाखांपर्यंत अनुदान द्यायची योजना काढली. हे यंत्र उभ्या उसाचा शेंडा उडवते, उसाची कांडी करून शेजारच्या ट्रॉलीत टाकते आणि पाला पंख्याने मागे फेकते. वाढ्याचा तिथेच चुरा होतो. रानाला ते खत म्हणून चांगले आहे, पाचट जमिनीत गेले तर जमिनीचे भलेच होते. पण पेंढी बांधायला काही उरत नाही.

मी यंत्राच्या विरोधात नाही, हे स्पष्ट सांगतो. कोयता ही काही पूजेची वस्तू नाही. पहाटे चारला थंडीत फडात शिरलेली गरोदर बाई डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना ज्याने पाहिली आहे, तो कोयत्याचे गुणगान गाणार नाही. २०१९ साली आपल्याच जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि चौकशी समिती नेमावी लागली. शाळा अर्धी सोडून आईबापांबरोबर गेलेली मुले आपण आपल्या वसतिगृहांतून पाहतो. हे काम यंत्राने केले तर बरे, असेच मला वाटते. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली तेव्हा आपल्याकडे आनंद झाला आणि तो योग्यच होता. पण दर टनाला असतो. ज्या टनाला कोयता लागलाच नाही, त्या टनाच्या दराचे काय?

मला खटकते ते दुसरेच. कारखान्याचा वेळ वाचतो, मालकाचा ऊस वेळेवर जातो, यंत्रवाल्याला भाडे मिळते आणि अनुदान आपल्या सगळ्यांच्या पैशातून जाते. या सगळ्या हिशेबात कोपरा कुणीच सोडलेला नाही. जिचे वाढे गेले तिचे नाव कुठल्याच रकान्यात नाही. ती मेहनत करत होती तेव्हा कोयता म्हणून मोजली जायची, आता तीही नाही. उद्या कुणी दयाळू माणूस तिला साडी देईल, दिवाळीत फराळाचे पाकीट देईल, आणि फोटोही काढेल. ते खळे झाले. सरवा म्हणजे काय, तर त्या यंत्राच्या प्रत्येक टनामागे काही रक्कम आधीच बाजूला राहावी, तिच्या हक्काची, आणि ती घ्यायला तिला कुणाच्या दारात उभे राहावे लागू नये. तिच्या मुलांच्या शिक्षणाला जावी, किंवा तिच्या गावी पाणी अडवायच्या कामाला जावी, की ज्यामुळे दिवाळीनंतर घराला कुलूप लावावेच लागणार नाही. हे कसे बसवायचे ते जाणकारांनी ठरवावे. साठावा भाग हे माप काही वाईट नाही, त्यावर वाद घालायलाही हरकत नाही. पण आधी हे मान्य व्हायला हवे, की मागे राहिलेले दाणे तोट्याच्या वहीत लिहायचे नसतात. एवढेही मान्य होत नाही, इथेच अडते.

हे सगळे मी त्या तरुणाला सांगितले असे नाही. एवढे ऐकायला त्याला वेळ नव्हता. पण महिन्याभराने तो भेटला तेव्हा माजलगावकडे एका ऊस तोडणी यंत्राच्या दुरुस्तीला जाऊन आला होता. त्याची आई अजून कोयत्यावर जाते, म्हणून मी मुद्दाम विचारले, "त्या रानात माणसाला काही काम उरलं होतं का रे?"

"उरतं ना काका," तो म्हणाला. "एवढं मोठं धूड, रानात जाग्यावर वळत नाही. म्हणून आधी बांधाकडचा ऊस, कोपरे, हातानं तोडून जागा करून द्यावी लागते. चार कोयते लावले होते. त्या बाया कोपऱ्याचं वाढं बांधत होत्या."

"मालकानं काही म्हटलं नाही?"

"तो मशीनकडं बघत होता."

मग त्याने हाताने त्या रानाचा आकार हवेत काढून दाखवला. यंत्र कुठून शिरले, कुठे वळले आणि बाया कुठे होत्या ते.